रेडिओवर विंग नसते

नाटकात माझी जागा विंगेत. पुण्यातल्या कॉलेजच्या एकांकिकेपासून ती ठरलेली आहे. स्टेजवर उभं राहायची मला कधीच हौस नव्हती. पण हातात संहिता दिली आणि पडद्याआड उभं केलं की मी कुणालाही निभावून नेते. प्रॉम्प्टिंग वाटतं तितकं सोपं नसतं. आवाज नटाच्या कानापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या काकूंना त्याचा पत्ता लागता कामा नये. नट अडकलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याच्या पाठीवरून ओळखता आलं पाहिजे. मला ते येतं. निदान येतं असं मी तीस वर्षं समजत होते.

माझा नवरा त्याच एकांकिकेत होता. पाठांतर तेव्हाही कच्चंच होतं आणि लग्नानंतर तर त्याने ते सोडूनच दिलं. आम्ही कॉव्हेंट्रीला आलो, इथल्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसायला लागलं आणि हा दरवर्षी मुख्य भूमिकेत. हॉल कम्युनिटी सेंटरचा, विंग म्हणजे बॅडमिंटनच्या दोन खांबांवर टाकलेल्या चादरी. वाक्य विसरलं की हा बोलता बोलता माझ्या बाजूला सरकायचा, खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं करायचा आणि माझ्याकडून वाक्य घेऊन परत जायचा. लोक म्हणायचे, काय सहज वावर आहे! घरी आल्यावर मी करवादायचे, "अरे, एकदा तरी पाठ कर." तो म्हणायचा, "तू आहेस ना."

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याला स्ट्रोक आला. पाय महिनाभरात सावरला, उजवा हात अर्धवट सावरला, पण बोलणं गेलं. म्हणजे त्याला समजतं सगळं. टीव्हीवरच्या बातम्या समजतात, माझी चिडचिड समजते, बिलं समजतात. बोलायला गेलं की शब्द आत कुठेतरी असतो आणि तोंडापर्यंत येत नाही. "हो", "नाही", "चल", "अगं" एवढे राहिले होते आणि एक शिवी, जी तो आधी कधी द्यायचा नाही आणि आता अगदी स्वच्छ देतो. इंग्लिश तर जवळजवळ पुसलंच गेलं होतं. पंचवीस वर्षं ज्या भाषेत मीटिंगा घेतल्या त्या भाषेत त्याला "मिल्क" म्हणता येईना.

स्पीच थेरपिस्ट म्हणून एक मुलगी घरी यायची. भली होती. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं की त्याला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजा. तो शोधत असतो, त्याला शोधू द्या. शब्द तुम्ही पुरवलात तर तो शोधणं सोडून देईल. मी मान डोलावली. आणि ती गेल्यावर त्याने बोट उचललं रे उचललं की माझं सुरू: "चहा? पाणी? चष्मा? फोन? पंखा लावू?" चौथ्या-पाचव्या शब्दाला तो डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं, दमला.

मी कधीही दहापर्यंत पोचले नाही. चार म्हणजे खूप झाले. त्याच्या चेहऱ्यावर ती धडपड दिसायला लागली, कपाळाची शीर उभी राहिली, की शब्द माझ्या तोंडातून निसटायचाच. मी ते प्रेमच समजत होते आणि अजूनही पूर्ण नाही म्हणायला मन धजत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. आमच्या शहरात एक छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे. बंद पडलेल्या कार्पेटच्या दुकानावर दोन खोल्या, सगळे व्हॉलंटिअर, बहुतेक रिटायर्ड. नवरा पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये, पण जीव सगळा जुन्या रेडिओंमध्ये. आमच्या गराजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही, तिथे त्याने दुरुस्त केलेले अकरा व्हॉल्व्हचे रेडिओ आहेत आणि त्यांच्यावरची धूळ पुसायचीसुद्धा मला परवानगी नाही. सहा वर्षं हा दर शनिवारी स्टेशनवर जाऊन वायरी जोडत बसायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रेडिओचा एक अख्खा दिवस करायचा, ही कल्पना त्याचीच. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत फक्त तेव्हाचं: डान्स बँडची गाणी, कारखान्यातल्या बायकांचे हात चालते राहावेत म्हणून वाजवायचे तसलं उडतं संगीत, रेशनच्या अंड्यात केक कसा करायचा त्याच्या सूचना आणि दुपारी दोनला आणि साडेचारला अशा दोन भागांत एक नाटक, लाइव्ह. तबकड्या खऱ्या, सुईसुद्धा खरी. नाटकात निवेदकाचं काम याचं, चांगलं सात पानांचं. ते त्याने चक्क पाठ करायला घेतलं होतं. मग मार्च आला.

नाटक लिहिलं आणि बसवलं होतं ते एका सत्तरी ओलांडलेल्या शिक्षिकेने. सगळे तिला नावाने हाक मारायचे, मी मात्र मनात तिला बाईच म्हणते. तिच्यासमोर आपोआप पाठ ताठ होते. नाटक साधं होतं. बॉम्ब पडायच्या भीतीने सहा माणसं जमिनीखालच्या शेल्टरमध्ये रात्र काढतात. पहिल्या भागात वॉर्डन, म्हणजे हवाई हल्ल्याच्या वेळी लोकांना सांभाळणारा स्वयंसेवक, त्यांना आत घेतो, दुसऱ्या भागाच्या शेवटी दार उघडतो. पण बाईने एक गोष्ट निक्षून सांगितली होती. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवायचा नाही. या शहरावर खरंच बॉम्ब पडलेले आहेत. ज्यांनी तो भोंगा लहानपणी आईच्या कुशीत ऐकला अशी दोन-चार माणसं अजून केअर होममध्ये आहेत आणि दुपारी हेच स्टेशन लावून बसतात. त्यांच्या कानावर गंमत म्हणून तो आवाज घालायचा नाही. धोका टळल्याचंही एरवी भोंगाच सांगायचा, त्यामुळे इथे ते वॉर्डनने तोंडाने सांगायचं. तो सांगेपर्यंत त्या सहा जणांना बाहेर पडता येत नाही.

सप्टेंबरमध्ये मी बाईकडे गेले आणि म्हटलं, याला काहीतरी काम द्या. बाईने संहितेची पानं चाळली. मग तिने वॉर्डनचं काम दिलं. दोन वाक्यं. पहिल्या भागात "माइंड द स्टेप, प्लीज." दुसऱ्या भागाच्या शेवटी "ऑल क्लियर. यू कॅन ऑल गो होम नाउ."

"त्याला जमेल?" तिने विचारलं.

"घरी अगदी व्यवस्थित म्हणतो," मी म्हणाले.

ही थाप होती. दहातून तीन वेळा म्हणायचा, तेही मी "ऑल" म्हणून सुरुवात करून दिली तर. पण आजारपणाबद्दल विचारलं की "बरंय, सुधारतंय" म्हणायचं हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की ते खोटं आहे हेही मला उशिरा कळतं. मंडळात, शेजारी, पुण्याला फोनवर, सगळीकडे मी गेले सहा महिने हेच सांगत होते. बाईने सुचवलं की त्याचं वाक्य आधीच एखाद्या चांगल्या दिवशी रेकॉर्ड करून ठेवू, नुसतं वाजवता येईल. मला ते भीक घातल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "नाही, लाइव्हच. त्यालाही तेच हवं असेल." त्याला मी विचारलं नव्हतं.

का केलं मी हे? कारण थेरपिस्टचे ठरलेले आठवडे संपले होते. शेवटच्या दिवशी तिने अगदी हळुवारपणे सांगितलं होतं की आता प्रगती हळू होईल, कदाचित इथेच थांबेल. त्या "इथेच" शब्दाने माझी झोप उडाली. मी मनाशी पैजच लावली. त्या दिवशी रेडिओवर त्याने ती दोन वाक्यं म्हटली तर हा परत येणार. नाही म्हटली तर नाही. अशी पैज कुणी लावतं का? मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. पण सात महिने ज्या घरात एकच माणूस बोलतंय त्या घरात डोकं ठिकाणावर राहत नाही.

बर्मिंगहॅमहून आमच्या मुलीचा फोन आला. तिचा जन्म इथलाच, मराठी बोलते ती तिच्या पद्धतीची. "आई, हे काय एक्झॅम आहे? बाबाला तू विचारला का?"

"बाबाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते," मी म्हटलं.

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड," ती म्हणाली. मी विषय बदलला.

आणि मग मी काय करावं? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. रविवारी दुपारी दोन वाजता जरूर ऐका, ॲपवरही लागतं. खाली तीन नमस्कार आणि एक माइक.

रविवारी सकाळी त्याने कपाटातून टाय काढून माझ्यासमोर धरला. त्या काळी रेडिओवर बोलणारी माणसं कुणी बघणार नसलं तरी नीट कपडे करून यायची, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. एका हाताने टाय बांधता येत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा टाय बांधला, तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. तो आरशात बघून हसला. मला वाटलं, झालं, आजचा दिवस आपला आहे.

स्टेशनवर त्याला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. पलीकडच्या खोलीत तबकडी फिरत होती आणि कुणीतरी बाई जड, गोड आवाजात परत भेटण्याबद्दल गात होती. स्टुडिओत जमिनीवर खडी भरलेला ट्रे होता, त्यात बूट आपटले की पावलं ऐकू यायची. शेल्टरचं लोखंडी दार म्हणजे फायलींच्या जुन्या कपाटाचा गंजलेला खण. तो ओढला की अंगावर काटा येई असा आवाज व्हायचा. पानं टाचलेली नव्हती. एक पान वाचून झालं की ते हळूच कार्पेटवर सोडायचं, सरसर वाजू द्यायचं नाही. हे सगळं मला नवीन होतं. त्याची मदतनीस म्हणून मला भिंतीकडेच्या स्टुलावर बसायची परवानगी मिळाली होती. बाईने ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि ती काचेपलीकडे गेली. लाल दिवा लागला.

दोन वाजता नाटक सुरू झालं. माणसं एकेक करून शेल्टरकडे आली, कुरकुरली, खोकली. खण कर्रकन ओढला गेला. खडीत पावलं वाजली. नवरा माइकसमोर उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

ती पाठ मला पाठ आहे. खांदे किंचित वर गेले, मान पुढे आली आणि तिथेच थांबली. मी मोजायला लागले. एक. दोन. समोरच्या सहा जणांनी त्याच्याकडे बघितलं. तीन. त्याचा डावा हात मांडीवर उघडत-मिटत होता.

"माइंड द स्टेप," मी म्हणाले.

मी ठरवून म्हणाले नाही. तीस वर्षांची सवय. आवाज अगदी बेतलेला, नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही असा. फक्त रेडिओवर विंग नसते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिथे पहिली रांग नटाच्या तोंडाला कान लावूनच बसलेली असते. माझं कुजबुजणं जसंच्या तसं हवेत गेलं.

"स्टेप," नवरा माझ्या पाठोपाठ म्हणाला. "प्लीज."

नाटक पुढे गेलं. नाटकातल्या एका नटीने वेळ मारून नेली, जिना किती अंधारा आहे वगैरे आपल्या मनाचंच काहीतरी बोलली. काचेपलीकडे बाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली. नवऱ्याने मागे वळून पाहिलंच नाही. पहिला भाग संपेपर्यंत तो तसाच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

मधल्या वेळात परत तबकड्या. मी फोन बघितला, बघायला नको होता. ग्रुपवर टाळ्या, फुलं, "मस्त आवाज", "ग्रेट कमबॅक" आणि मधेच एक मेसेज: "वहिनी, दादांच्या आधी तुम्हीच बोललात की!" त्यापुढे हसून हसून रडणारी पाच तोंडं. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता हे मला नंतर कळलं.

आम्ही चहाच्या कोनाड्यात उभे होतो. मी बोलतच सुटले. कुणाला कळलं नसेल, ते नाटकातलंच वाटलं असेल, पुढच्या वेळी मी बोलणार नाही, तू फक्त माझ्याकडे बघ, मी नुसते ओठ हलवीन, चालेल ना, ओठ हलवले तर चालेल ना? तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघत होता. मग त्याने डाव्या हाताने जिन्याकडे बोट केलं.

"बाहेर," तो म्हणाला.

अडखळला नाही, शोधला नाही. सात महिन्यांत इतका स्वच्छ शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

बाई जवळच होती. तिला मराठी येत नाही, पण त्या शब्दाला भाषांतर लागत नव्हतं. ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "गाडीत बसतेस का? गाडीत आपलं स्टेशन छान लागतं. मी त्याला पोचवते खाली." मुलांना वर्गाबाहेर काढतानाही ती अशीच गोड बोलत असणार.

मी कारपार्कमध्ये जाऊन बसले. साडेचारला उजेड उतरायला लागला होता, काचांवर आतून वाफ धरली होती. किल्ली अर्धी फिरवली, रेडिओ लावला, आवाज पूर्ण मोठा केला. एक शब्द सुटायला नको.

दुसरा भाग सुरू झाला. शेल्टरमध्ये रात्र सरत होती. एक बाई विणत होती आणि टाके मोजत होती. एक म्हातारा आपल्या कुत्र्याबद्दल बोलत होता, त्याला आत आणू दिलं नव्हतं. कुणीतरी गाणं म्हणायला लागलं आणि बाकीचे हळूहळू त्यात मिसळले. मला काहीच धड ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्या खणाची वाट बघत होते. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर स्तोत्रसुद्धा आठवेना, तोंडात तेवढंच घोळत होतं, ऑल क्लियर, ऑल क्लियर.

खण ओढला गेला. खडीत पावलं वाजली. थांबली.

एक. दोन.

रेडिओवरची शांतता ही घरातल्या शांततेसारखी नसते. घरात फ्रिज असतो, घड्याळ असतं. इथे नुसती बारीक खरखर आणि तिच्यामागे माझा नवरा उभा आहे. तीन. चार. मला त्याची पाठ दिसत नव्हती, पण मी ती बघत होते. "ऑल क्लियर!" मी गाडीत ओरडले. ट्रॉली ढकलत चाललेली एक बाई दचकून माझ्याकडे बघायला लागली. "म्हण ना रे! ऑल!" पाच. कुणीच काही करत नव्हतं, कुणी वेळ मारून नेत नव्हतं, सगळे दुष्टपणाने गप्प बसले होते. सहा. त्या ग्रुपवरची सगळी घरं कान देऊन बसली असतील. तो तिथे एकटा आहे आणि मी त्याला तिथे उभं केलंय, न विचारता, माझ्या पैजेपायी. सात.

मी रेडिओ बंद केला.

मला ते ऐकवेना. बस, एवढंच कारण. मी स्टीअरिंगवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले, लहान पोर रडतं तशी. हरले मी. तो आता परत येणार नाही. मीच बोलणार यापुढे, त्याचंही आणि माझंही, सकाळपासून रात्रीपर्यंत, आयुष्यभर, आणि तो डोळे मिटून घेणार. मला त्याचा राग आला, बाईचा आला, त्या थेरपिस्टचा आला, मार्च महिन्याचा आला. मग राग संपला आणि उरलं त्याला मी काय म्हणू? माझ्या माणसाची हाक मला परत कधी ऐकू येणार नाही, एवढंच मला त्या गाडीत दिसत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. काचेवर टकटक झाली. मी तोंड पुसून काच खाली केली. बाई होती, कोट न घालताच थंडीत आली होती, डोळे पाण्याने भरलेले. तिच्यामागे नवरा, टाय सैल झालेला.

"ऐकलंस ना!" ती म्हणाली. "अकरा सेकंद! मी घड्याळाकडे बघत होते. माझं बोट म्युझिकच्या बटणावर होतं, आता सोडते, आता सोडते, असं झालं होतं. आत एक जण त्याचं वाक्य घ्यायला पुढे झाला, मी हात करून त्याला थांबवलं. आणि मग याने म्हटलं. सगळं. शेवटच्या शब्दापर्यंत. अगं, आत सगळे रडत होते, पुढचं वाक्य कुणाला बोलताच येईना!"

तिने खिडकीतून हात घालून माझा गाल थोपटला. मी मान हलवत होते. हो, हो. दुसरं काय करणार होते? ती त्याच्याकडे वळून काहीतरी बोलली आणि पळतच आत गेली, पुढची तबकडी लावायची होती.

तो दार उघडून शेजारी बसला. सीटबेल्ट मी लावून दिला. त्याचा चेहरा मी इतका जवळून बघितला आणि मला मार्चच्या आधीचा तो दिसला, नाटक संपल्यावर मेकअप न उतरवता घरी येणारा. तो माझ्याकडे वळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, शीर उभी राहिली.

"दमलास?" मी म्हटलं. "भूक लागली? घरी जाऊया? पाणी देऊ?"

त्याने मान जोरात हलवली. नाही.

"गोळी राहिली का दुपारची? टाय काढू? मुलीला फोन लावू?"

त्याने डावा हात वर केला, पोलीस गाडी थांबवतो तसा. मी गप्प झाले. या वेळी मी मोजलं नाही, मला मोजायचं सुचलंच नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ऐक," तो म्हणाला. थांबला. "ऐक... लंस?"

"ऐकलं ना!" मी म्हणाले. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाले. "अगदी स्पष्ट. शब्द न् शब्द. किती छान म्हणालास रे!"

तो हसला. आणि खूश होऊन, पुढची तबकडी ऐकायची म्हणून असेल किंवा आपलं स्टेशन म्हणून असेल, त्याने डावा हात आडवा आणून रेडिओचं बटण दाबलं.

पूर्ण आवाजात बँड अंगावर आला, ट्रम्पेट, ढोल, सगळंच. आम्ही दोघेही दचकलो. मी झडप घालून आवाज कमी केला. तो रेडिओच्या उजळलेल्या आकड्यांकडे बघत होता, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे, मग पुन्हा त्या आकड्यांकडे. अर्धी फिरवलेली किल्ली त्याने बघितली. रेडिओबद्दल त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

"अरे, मी आत्ताच बंद..." मी म्हणाले.

त्याने हात मागे घेतला आणि समोरच्या वाफ धरलेल्या काचेकडे बघत बसला. घरी पोचेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. शब्द सापडत नव्हते म्हणून नव्हे.